मंद आंचेवरील मटण व हिरवी चटणी

दिवाळी सरली म्हणजे धनगरांचे कळप वारूळवाडी-नारायणगांवच्या बाजूनें जाऊं लागतात. एखाद्या शेतांत मेंढ्या बसतात, जमिनीस खत मिळतें, आणि पुढें कोणाच्या तरी घरीं मटणाचा बेत होतो. त्या मटणांत शरीरास उपयोगी असें काय असतें, याचा येथें थोडा विचार करूं.

मेंढीचा खांदा व मांडी हे चालून चालून चिवट झालेले भाग. मोठ्या जाळावर हें मांस आखडतें आणि त्यांतील रस निघून जातो. तेंच झांकण घालून मंद निखाऱ्यांवर दोनतीन तास ठेविलें, तर स्नायूंना बांधणारे चिवट तंतू विरघळतात व फोड बोटानें तुटते. झांकणांत पाणी ओतून ठेवण्याची आमच्या आज्यांची रीत मोठी शहाणपणाची. वाफ आंत राहते, आणि रस्सा आटल्यास वरचें तापलेलें पाणीच घालतां येतें.

सोबतीस कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लसूण व मीठ पाट्यावर वाटून वर लिंबू पिळावें. ही चटणी मात्र शिजवूं नये, कारण उष्णतेनें क जीवनसत्त्व नासतें. बाजरीच्या भाकरींतील लोह शरीर सहजासहजीं घेत नाहीं. क जीवनसत्त्व व मांस सोबत असतां तें अधिक घेतलें जातें.

आजाऱ्यास अळणी रस्सा दिला कीं सर्व सत्त्व मिळालें, असा समज घरोघर आहे. रस्सा पचावयास हलका व रुचि आणणारा खरा. परंतु प्रथिनें व लोह यांचा बहुतेक भाग फोडींतच राहतो, आणि हाडांतील चुना पाण्यांत फारच थोडा उतरतो. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसांत सुमारें २० ग्रॅम प्रथिनें असतात. शिवाय वनस्पतींत न मिळणारें ब-१२ जीवनसत्त्वही असतें.

आतां पंगतींत काय होतें तें पाहा. पुरुषमंडळी आधीं जेवतात. आई व मुली बसतात तेव्हां पातेल्यांत रस्सा पुष्कळ, फोडी मात्र दोनचार! सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींस रक्तक्षय आढळला. त्यास कारणें अनेक आहेत. तरी मुलींच्या वाट्याच्या फोडी आधींच बाजूस काढून ठेवाव्या, एवढें कोणत्याही घरास करतां येण्याजोगें आहे.

चरबीविषयीं सांगावयाचें राहिलें. मेंढीच्या मांसांत ती बरीच असते व हृदयविकार असलेल्यांस ती बाधते. रस्सा निवल्यावर वर थिजलेला थर पळीनें काढून टाकावा, आणि मग पुन्हां ऊन करून वाढावा.