म्हातारं कुत्रं घरी आणताय?

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर कोणीतरी पट्ट्यासकट सोडून गेलेली लॅब्रॅडॉर आता आमच्याकडे असते. तोंड पांढरंफटक, भूक मात्र दांडगी!

मोठ्या जातीची कुत्री सात-आठ वर्षांतच म्हातारपणाकडे झुकतात. घरी आणलं की आधी रक्त, लघवी आणि दात तपासून घ्या. डोळे निळसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयाने भिंग घट्ट होतं, तरी बऱ्यापैकी दिसतं.

खरा वैरी म्हणजे गुळगुळीत फरशी. मागचे पाय फाकतात, उठता येत नाही. जुन्या सतरंज्या अंथरा. सांधे दुखतात म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, विषबाधा होऊ शकते. औषध डॉक्टरांनाच विचारून.

आणि हो, सबळ कारणाशिवाय प्राण्याला उपासमार होईल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.