तिकिटावरचे तास आणि पायातली गुठळी

बावड्यातील माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. लंडनला लेकीकडे राहून चार दिवसांपूर्वीच परतल्या होत्या. डावी पोटरी सुजून दुखत होती. "प्रवासाचा शीण आहे. सूनबाई रोज तेल लावून चोळते," त्या म्हणाल्या. मी आधी ते चोळणे बंद करायला सांगितले आणि लगेच त्यांना अकलूजला सोनोग्राफीसाठी पाठवले. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर उपचार झाल्याने आजी आता बऱ्या आहेत.

आजोबांना मात्र हे पटेना. "अहो, जाताना दुपारी दोनला निघालो, संध्याकाळी साडेसहाला पोचलो. साडेचार तासांचा तर प्रवास!"

इथेच आपली फसगत होते. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे हिवाळ्यातला तो प्रवास दहा तासांचा झाला. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने आठ तास होतात. पण चढणे, उतरणे, वळसा आणि समोरचा वारा यांत आणखी वेळ जातो. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून थोडा कमी वेळ लागतो.

शरीर मात्र विमानाचे तास वेगळे मोजत नाही. बावडा ते मुंबई गाडीने सहा-सात तास, विमानतळावर तीन तास आणि मग विमान. बसणे जवळजवळ वीस तासांचे होते!

पायातले रक्त वर ढकलायचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस बसून राहिला की हा पंप थंडावतो, रक्त साचते आणि क्वचित गोठते. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो; मग ते विमान असो, एस.टी. असो वा मोटार. तरीही चार तासांवरच्या विमानप्रवासात प्रमाण साधारण ६,००० प्रवाशांत एक एवढेच आहे. म्हणून घाबरू नका, सावध राहा.

काय करावे? तास-दोन तासांनी उठून चार पावले चाला. बसल्या जागी पावले वर-खाली हलवा. पाणी पीत राहा, मद्य टाळा. पायाशी पिशव्या ठेवून जागा अडवू नका. नुकतेच ऑपरेशन झालेले, पूर्वी गुठळी झालेली, कर्करोग असलेले, गरोदर स्त्रिया आणि संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. मधुमेही मंडळींनी इन्सुलिनच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, तर तो चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा दम लागला तर क्षणभरही थांबू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा.

लेकराकडे जरूर जा. फक्त तास मोजताना तिकीट पाहू नका, घराच्या उंबऱ्यापासून मोजा.