कुस्तीच्या फडावर जाताना

माळेगावच्या खंडोबाची यात्रा (ता. लोहा, जि. नांदेड) मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, लातुरात सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला. तिथल्या कुस्तीच्या फडावर लवकर पोहोचा. नारळाच्या इनामावरच्या पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, आणि डावांची खरी चपळाई तिथेच दिसते. मग इनाम वाढत जातं; सर्वांत मानाची जोड शेवटी. गुणांचा हिशेब नसतो. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. फारच लांबली तर बरोबरीत सोडवतात. शेजारी निलंग्याकडचं जुनं माणूस बसलं असेल तर हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव जरूर काढा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हे पैलवान १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७७ मध्ये त्यांनी दिल्लीच्या सतपालना हरवलं. पुढे पुण्यात त्यांनी मल्लही घडवले.