अकरा टाइल्स कमी पडल्या!

उद्या सकाळी होस्टेलच्या बाथरूमबाहेर बादली घेऊन नंबर लावाल तेव्हा समोरच्या भिंतीकडे जरा नीट बघा. पांढऱ्या टाइल्सच्या मध्येच चार-पाच पिवळट टाइल्स दिसतात का? खूप जुन्या बाथरूममध्ये असतात. त्या तशा का असतात, हे मला मागच्या मे महिन्यात आमच्याच घरी कळलं. (मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अजून गोंधळ होतो, म्हणून सगळे आकडे अंकांत लिहिलेत. सांभाळून घ्या!)

आमचं घर मंगळवार पेठेत. आजी बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. जुन्या न्हाणीत खडबडीत शहाबादी फरशी होती. नंतर कधीतरी "छान दिसतं" म्हणून भिंतीच्या चकचकीत टाइल्सच खाली बसवल्या होत्या. बाबा म्हणाले, "आता सगळं नवीन करू. तू इंजिनिअर होणार ना? हिशेब तू काढ."

पहिला धडा दुकानातच मिळाला. भिंतीची आणि जमिनीची टाइल वेगळी असते. भिंतीची टाइल सच्छिद्र असते, वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिते. म्हणूनच सिमेंटवर लावण्याआधी मिस्त्री ती बादलीत भिजवतात, नाहीतर ती सिमेंटचंच पाणी ओढून घेते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून तिला खास चिकट मसाला लागतो. पण कमी पाणी पिते म्हणून ती घसरत नाही, असं नाही! घसरणं वरच्या पृष्ठभागावर ठरतं. काही टाइल्सवर आर-९ ते आर-१३ असा नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकी पकड जास्त. आजीसाठी आम्ही मॅट, खरखरीत, १ फूट बाय १ फुटाची टाइल घेतली. लहान टाइलने जाळीकडे उतार काढणं सोपं जातं.

आता माझा पराक्रम. बाथरूम ७ फूट बाय ५ फूट. टाइल ७ फूट उंचीपर्यंत लावायची. परिमिती २४ फूट, गुणिले ७ म्हणजे १६८ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे १७.५ वजा केले, राहिले १५०.५. टाइल "१२ बाय १८ इंची", म्हणजे दीड चौरस फूट. भागाकार केला, १०१ टाइल्स. एका बॉक्समध्ये ६, म्हणून १७ बॉक्स, १०२ टाइल्स. मिस्त्रीमामा म्हणाले, "ताई, २० घ्या." मला वाटलं, उगाच जास्त सांगतात. मी १७ च आणले.

चुकलं कुठं? एक म्हणजे "१२ बाय १८" हे बोलण्यापुरतं. खरी टाइल ३०० बाय ४५० मिलिमीटर, म्हणजे साधारण १.४५ चौरस फूट. दुसरं, भिंत क्षेत्रफळाने भरत नाही, ओळींनी भरते. ७ फुटी भिंत २१३४ मिलिमीटर. आडव्या ४ अख्ख्या टाइल्स बसल्या की ३३४ मिलिमीटर उरतात. त्यासाठी पाचवी कापायची आणि तिचा ११६ मिलिमीटरचा तुकडा कुठेच लागत नाही, वाया! असं चारही भिंतींचं मोजलं की एका ओळीला साडेपंधरा टाइल्स लागतात. ७ ओळींना १०९. कापताना ४ फुटल्या, म्हणजे ११३. आमच्याकडे होत्या १०२. सहा ओळी झाल्या आणि मामा थांबले. वरच्या ओळीला ११ टाइल्स कमी!

"त्यात काय, अजून २ बॉक्स आणू," असं म्हणून दुकानात गेले. डिझाइन तेच, नाव तेच, पण रंग जरासा पिवळट. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात. माती आणि ग्लेझ प्रत्येक वेळी थोडं वेगळं, हजार-अकराशे अंशांच्या भट्टीत उष्णता थोडी वेगळी, की शेड बदलते. म्हणून बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो. आमच्या बॅचचा एकही बॉक्स दुकानात उरला नव्हता. होस्टेलच्या त्या पिवळट टाइल्सचं कोडं तिथं सुटलं.

शेवटी मामांनीच मार्ग काढला. "वरची अख्खी ओळ तपकिरी लावू. लोकं डिझाइन म्हनत्यात." तसंच झालं! पाहुणे विचारतात, "हा पट्टा कुणाची आयडिया?" बाबा माझ्याकडे बघतात, मी छताकडे.

म्हणून घरी काम काढलंत तर एवढं करा. कागदावर एकेक भिंत काढून ओळीतल्या टाइल्स मोजा. मिलिमीटरमध्ये मोजा. कापण्या-फुटण्यासाठी थोड्या जास्त धरा आणि चार-पाच माळ्यावर ठेवा, कारण पुढे नळ गळला की भिंत फोडावीच लागते. सगळे बॉक्स एकाच वेळी घ्या आणि प्रत्येकावरचा बॅच नंबर दुकानातच वाचा. न उघडलेला बॉक्स परत घेणार का, ते बिल करण्याआधी विचारा. आणि मिस्त्री २० म्हणाले तर २० घ्या.

आजीचं प्लॅस्टर निघालंय. वरच्या पट्ट्याचं तिला काहीच नाही. ती म्हणते, "मी कुठं वर बघत्ये? खाली पाय टेकतोय, बास."