नोंद आपली, सर्व्हर दूरचा: ग्रंथालयांतील क्लाउड कॉम्प्युटिंग

क्लाउड कॉम्प्युटिंग म्हणजे संगणकाची क्षमता, साठवणीची जागा आणि सॉफ्टवेअर विकत न घेता इंटरनेटवरून लागेल तेवढे वापरणे. यंत्रे दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतात. त्यांची वीज, वातानुकूलन आणि दुरुस्ती सेवा देणारी संस्था पाहते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने सप्टेंबर २०११मध्ये त्याची पाच लक्षणे सांगितली: हवी तेव्हा स्वतः सेवा घेता येणे, नेटवर्कवरून कुठूनही पोहोचता येणे, साधने अनेक ग्राहकांनी वाटून वापरणे, गरजेप्रमाणे क्षमता झटपट कमीजास्त होणे आणि वापराची मोजदाद होणे.

त्याआधीची पद्धत अनेक ग्रंथालयांत आजही दिसते. सर्व्हर ग्रंथपालांच्या केबिनमध्ये किंवा देवघेव काउंटरच्या मागे असतो. दिवसाअखेर बॅकअप घ्यायचा, यूपीएसची बॅटरी सांभाळायची, हार्ड डिस्क बिघडली की तंत्रज्ञाची वाट पाहायची आणि तोवर देवघेव रजिस्टरवर चालवायची. वर्गीकरण आणि वाचकसेवा शिकून आलेल्या माणसाचा वेळ अशा कामांत जातो.

क्लाउड सेवेचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात तयार सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये मिळते. ‘ओसीएलसी’ची वर्ल्डशेअर आणि एक्स लिब्रिसची ‘अल्मा’ ही जगभर वापरली जाणारी उदाहरणे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय ४.०’ ही प्रणाली शासनाच्या ‘मेघराज’ क्लाउडवर चालते. दुसऱ्यात स्वतःचे सॉफ्टवेअर घडवून चालवण्याचा मंच मिळतो; ग्रंथालयांना त्याची गरज क्वचितच पडते. तिसऱ्यात फक्त आभासी सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यावर ‘कोहा’ किंवा ‘डीस्पेस’सारखे मुक्त सॉफ्टवेअर बसवायचे. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलेले आणि जानेवारी २०००पासून वापरात असलेले कोहा आज अशा भाड्याच्या सर्व्हरवर सर्रास चालते.

देवघेवीत वाचकाला फरक जाणवत नाही. बारकोडवर स्कॅनर फिरतो, दाखलांक दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि परतीची तारीख पडद्यावर उमटते. खरा बदल तालिकीकरणाच्या टेबलावर होतो.

नव्या पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की प्रणाली इतर ग्रंथालयांच्या तालिकांत त्याची नोंद शोधते. सापडली तर ‘मार्क २१’ या ग्रंथनोंदीच्या प्रमाण साच्याच्या रकान्यांत माहिती आपोआप भरते: १००मध्ये लेखक, २४५मध्ये शीर्षक, ०८२मध्ये ड्युई वर्गांक. मराठी पुस्तकाची तयार देवनागरी नोंद मात्र अनेकदा मिळत नाही. मग ग्रंथपाल शीर्षकपृष्ठ उघडून एकेक रकाना स्वतः भरतात, आणि तिथे निर्णय घ्यावे लागतात. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज हे नाव आहे, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. दोन्ही नावे एकाच लेखकाची असल्याचा दुवा प्रमाण नोंदीत जोडला नाही, तर एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाची पुस्तके सापडणार नाहीत. हे काम कोणताही सर्व्हर आपणहून करत नाही. सामायिक क्लाउड तालिकेत ते एका ग्रंथालयाने नीट केले, की इतरांना आयते मिळते. अशा वाटणीची सुरुवात ओहायोतील महाविद्यालयांनी १९७१मध्येच केली होती. क्लाउडमुळे ती लहान ग्रंथालयांच्याही आवाक्यात आली.

जुन्या नोंदी क्लाउडवर नेताना मराठी ग्रंथालयांपुढे आणखी एक अडचण येते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली नावे नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हे होऊन उतरतात. रूपांतरक वापरला तरी जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात. हा खर्च क्लाउडच्या दरपत्रकात सहसा नसतो. तो ग्रंथपालांच्या वेळेतून भागवला जातो.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे अधिक सुरक्षितता, ही समजूत ब्रिटिश लायब्ररीच्या अनुभवाने खोटी ठरवली. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘ऱ्हायसिडा’ या टोळीने तिच्या यंत्रणेवर हल्ला केला आणि सुमारे ६०० जीबी माहिती चोरली. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. मुख्य तालिका १५ जानेवारी २०२४ रोजी परतली, तीही फक्त शोधण्यापुरती. म्हणजे ११ आठवडे तालिका बंद होती. ग्रंथालयाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार वेतन आणि वित्त या क्लाउडवरील प्रणाली या काळात सुरळीत चालल्या. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या. त्या परत बसवायला चालती यंत्रणा उरली नव्हती. एवढ्या मोठ्या संस्थेला ११ आठवडे लागले, तर एकच सर्व्हर आणि एकच ग्रंथपाल असलेल्या तालुक्याच्या ग्रंथालयाचे काय होईल, हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा.

तरीही क्लाउड म्हणजे अभय नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यांतील अनेकांची माहिती कायमची गेली. शिवाय इंटरनेट तुटले की देवघेव अडते, म्हणून ऑफलाइन नोंदीची सोय लागते. कोणता वाचक काय वाचतो ही खासगी बाब आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे तत्त्व असे, की काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी जबाबदारी ते करवून घेणाऱ्या संस्थेचीच राहते.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी ग्रंथालयाने काही गोष्टी लेखी घ्याव्यात: डेटा कोणत्या देशात राहील, बॅकअप किती ठिकाणी असेल, सेवा खंडित झाल्यास भरपाई काय, दरवाढीची मर्यादा किती आणि करार संपल्यावर सर्व नोंदी मार्क २१ व युनिकोडमध्ये परत कशा मिळतील. त्यासोबत नोंदींची एक प्रत ठरावीक काळाने ग्रंथालयात उतरवून घ्यावी आणि ती उघडते का, हे करून पाहावे. सर्व्हर भाड्याचा चालतो. त्यावरच्या नोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्याच राहिल्या पाहिजेत.