काडतुसातली रिकामी जागा

(फुरसतीचं यंत्रशास्त्र : भाग 7)

मागच्या भागात आपण उडवून झालेलं पितळी काडतूस घासूनपुसून लख्ख केलं, साच्यात दाबून मूळ मापावर आणलं, बुडाशी नवी टोपी म्हणजे प्राइमर बसवला आणि तोंड वर करून ठेवून दिलं. आज त्यात दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. कामं दोनच. पण काउबॉय नेमबाजीतल्या दोन मुरलेल्या माणसांना शेजारी बसवा, ‘कोणती गोळी, कोणती दारू’ एवढंच विचारा आणि घरी जाऊन जेवून या. वाद तिथेच चालू असेल.

ज्यांचे आधीचे भाग वाचायचे राहिले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा खेळ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. त्याची मुख्य संस्था सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, स्थापना 1987. खेळाडू एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेचा वेश करतात, टोपणनाव घेतात आणि त्या काळच्या धाटणीच्या दोन रिव्हॉल्वर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन वापरून घड्याळाच्या शर्यतीत पोलादी पत्रे वाजवतात. रिव्हॉल्वरचा घोडा दर वेळी हाताने मागे ओढावा लागतो. पत्रा चुकला की वेळेत पाच सेकंदांची भर पडते.

एका वाचकाने विचारलं आहे, हे आपल्याकडे घरी करता येईल का? नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि छंद म्हणून माजघरात काडतुसं भरत बसणं त्यात बसत नाही. जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या मंडळींसाठीही मी दारूचं वजन लिहिणार नाही. ते दारूच्या कारखान्याने छापलेल्या तक्त्यातून घ्यायचं असतं. मासिकातला लेख वाचून कोणी दारू मोजू नये.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. या धंद्यात सगळं ‘ग्रेन’मध्ये मोजतात, गोळीही आणि दारूही. एक ग्रेन म्हणजे 0.065 ग्रॅम, मुळात जवाचा एक दाणा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी 1833 मध्ये तोळा प्रमाणित केला तो 180 ग्रेनचा. म्हणजे 180 ग्रेनची गोळी ही बरोब्बर एक तोळा शिसं, आणि आपली गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जड. काडतूस भरणाऱ्याच्या टेबलावरचा काटा आणि जुन्या सराफाचा काटा यांची नजर एकाच बारकाईची असते.

आता गोळी. इथे आवडीनिवडीच्या आधी नियम येतो. गोळी संपूर्ण शिशाची हवी. तांब्याचं कवच किंवा मुलामा असलेली चालत नाही. कारण सरळ आहे. पोलादी पत्रा रिव्हॉल्वरपासून सहसा सात ते दहा यार्डांवर असतो. मऊ शिसं त्यावर आपटून चपटं होतं, विखुरतं. तांब्याच्या कवचाचे तुकडे मात्र उलटून नेमबाजाच्या, नाहीतर मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर येऊ शकतात. वेगालाही मर्यादा आहे : रिव्हॉल्वरसाठी सेकंदाला 1000 फूट, रायफलसाठी 1400.

आकार रायफल ठरवते. तिथे रिव्हॉल्वरचं काही चालत नाही. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी झोपलेली असतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे थेट टोपीला टेकलेलं. नाक टोकदार असेल आणि धक्क्याने दाबलं गेलं तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून नाक गोलसर पण पुढून चपटं ठेवतात. 1873 च्या विंचेस्टरमध्ये आणखी एक खोड आहे. तिच्यात प्रत्येक काडतूस धातूच्या ठोकळ्यात शिरतं आणि ठोकळा लिफ्टसारखा वर जातो. काडतूस लांब झालं तर ते ठोकळ्यात मावत नाही. आखूड झालं तर मागून येणाऱ्या काडतुसाची कड आत डोकावते आणि लिफ्ट अडकते. म्हणून गोळी निवडताना जाणकार वजनाआधी खाच बघतात. गोळीच्या अंगावर ज्या खाचेत पितळेची कड वळवून दाबायची, ती कुठे आहे त्यावर काडतुसाची लांबी ठरते. लोक तासन्‌तास दारूवर बोलतात आणि खाच विसरतात. मग ऐन स्पर्धेत रायफल अडते आणि दोष दारूला.

वजन हा तसा चवीचा प्रश्न. मूळ पॉइंट 45 कोल्टमध्ये 250 ग्रेनच्या आसपासची गोळी असे. आजचे वेगवान खेळाडू बहुधा पॉइंट 38 वापरतात आणि त्यातही 105 किंवा 125 ग्रेनची हलकी गोळी. धक्का कमी बसला की हात लवकर स्थिरावतो आणि पुढचा पत्रा लवकर वाजतो. हे फारच खाली घसरू नये म्हणून संस्थेने तळ आखला आहे : गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार, हा आकडा 60 च्या खाली जाता कामा नये, आणि वेग 400 फुटांच्या खाली. 105 ग्रेनची गोळी 600 फुटांनी सुटली तर आकडा 63 येतो, जेमतेम उत्तीर्ण. मला स्वतःला हे काठावर पास होणं पटत नाही. हलकी, मंद गोळी स्थिर माशीच्या रिव्हॉल्वरमधून नेमापेक्षा खाली लागते, कारण तिच्या कमी धक्क्याने नळी पुरेशी वर उचललीच जात नाही. आणि फारच मंद गोळी नळीतच अडकून बसली तर मागून येणारी दुसरी नळी फाडते. बंदुकीत जास्त दारूची भीती सगळ्यांना असते. कमी दारूही तितकीच घातक ठरू शकते, हे इथे शिकायला मिळतं.

कडकपणाचा मुद्दा मात्र थांबून समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे सामान्य अक्कल उलटी पडते. शुद्ध शिसं नखाने ओरखडतं. त्यात अँटिमनी आणि कथील घातलं की ते कडक होतं. छापखान्यातले खिळे याच घराण्यातले. लिनोटाइपच्या धातूत शंभरात सुमारे बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील असे. पूर्वी बंद पडलेल्या छापखान्यांचा धातू गोळ्या ओतणाऱ्यांना सोन्यासारखा वाटे. नवखा म्हणतो, कडक गोळी घेतो, म्हणजे नळीत शिसं चिकटणार नाही. होतं उलटंच. मागून येणाऱ्या वायूच्या दाबाने गोळीचं बूड किंचित फुगून नळीला घट्ट बसायला हवं. काउबॉय काडतुसात दाब मुळातच कमी. त्या दाबाला कडक गोळी दाद देत नाही, फट राहते, फटीतून तप्त वायू पुढे पळतो आणि गोळीच्या कडेचं शिसं वितळवून नळीला लिंपतो. म्हणजे मंद भरणीला मऊ गोळी, आणि ती नळीच्या मापापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने जाड असलेली बरी.

गोळीच्या खाचांत वंगण भरतात. बिनधुराच्या दारूसाठी कडक मेणासारखं वंगण चालतं, किंवा हल्ली गोळीवर रंगीत पॉलिमरचा थर भाजून चढवतात. मग लाल, हिरव्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात. काळ्या दारूला मात्र खनिज तेलाचं वंगण चालत नाही. ते काजळीत मिसळून डांबरासारखं घट्ट होतं. तिथे लागतं मधमाश्यांचं मेण आणि चरबी. हे मिश्रण वाचून आपल्याला काय आठवतं ते सांगायला नकोच. एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला लावायचं वंगण याच जातीचं होतं, आणि ती चरबी कुणाची या प्रश्नावरून 29 मार्च 1857 ला बराकपूरच्या छावणीत मंगल पांडेने शस्त्र उचललं. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला, पण त्याची चरबी आपल्या इतिहासात शब्दापेक्षा खोल मुरली आहे. आजच्या काउबॉय मंडळींत चरबीऐवजी वनस्पती तूप, म्हणजे डालड्याचं अमेरिकन भावंड, मेणात कालवणारे पुष्कळ आहेत. काजळी मऊ राहण्याशी मतलब.

आणि आता दारू. मराठीत हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो म्हणून हसू येतं खरं, पण दोन्हीकडे प्रश्न एकच : भांडं किती भरायचं?

पॉइंट 45 कोल्टचं पितळी भांडं 1873 चं आहे. ते घडलं काळ्या दारूसाठी : शोरा 75 भाग, कोळसा 15, गंधक 10. त्यात 40 ग्रेन काळी दारू गळ्यापर्यंत भरायची आणि गोळीने वरून दाबून टाकायची. मोकळी जागा नावालाही ठेवायची नाही. भांड्याचं आकारमान दारूच्या आकारमानावर बेतलेलं. मग 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू बनवली, आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या बंदुका बदलल्या. नवी दारू वजनाला कितीतरी जोरकस, म्हणून तेवढ्याच कामाला थोडीशी पुरे. पण पितळेचं भांडं तेच राहिलं. त्यात हलकी काउबॉय भरणी केली की पाव भागसुद्धा भरत नाही. उरलेली सगळी हवा. आज दारू निवडण्याचे सगळे वाद माझ्या मते या एका रिकाम्या जागेचे वाद आहेत.

ही जागा दोन प्रकारे छळते. एक, दारू आत इकडेतिकडे सरकते. नेमबाज रिव्हॉल्वर म्यानातून काढतो तेव्हा नळी खाली असते, त्यामुळे दारू गोळीकडे घरंगळते आणि टोपीची ठिणगी हवेत पडते. रायफल आडवी धरली की दारू आडवी पसरते. एकाच डब्यातल्या दोन काडतुसांचा वेग त्यामुळे वेगळा येतो. दुसरा त्रास गंभीर आहे. भांड्यात तीन-चार पट जागा असल्यामुळे चुकून दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, दिसत नाही, वर गोळी निमूट बसते. अशा एका काडतुसाने रिव्हॉल्वरचं चक्र फुटू शकतं.

टाइटग्रुपसारख्या दारूने पहिला त्रास बऱ्यापैकी सोडवला. ती कुठेही पडून असली तरी सारखीच पेटते, म्हणून तिचे भक्त अनेक. पण ती दाट आहे, चिमूटभर लागते, म्हणजे दुसरा धोका उलट वाढतो. रेड डॉट ही मूळची शॉटगनची दारू. तिच्या पातळ चकत्यांत ओळखीसाठी काही लाल रंगवलेल्या असतात. ती फुगीर असल्याने जागा बरी व्यापते. खास या खेळासाठी निघाली ती ट्रेल बॉस. दाण्याऐवजी बारीक कडी, मधे भोक, त्यामुळे पोह्यासारखी हलकी आणि फुगीर. भांडं जवळजवळ भरतं आणि दोनदा पडली तर उतू जाऊन चूक स्वतःच ओरडून सांगते. तिची एक अट : काळी दारू दाबतात तशी ही दाबायची नाही, कड्या चुरडल्या की दाब भडकतो. गेली काही वर्षं ती दुकानात मिळेनाशी झाली आहे आणि घरात साठवलेले डबे लोक जपून वापरतात. माझं मत विचाराल तर मंद भरणीला फुगीर दारूच बरी, मग पैसे चार जास्त लागोत. आणि कोणतीही घेतली तरी गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येक भांड्यात डोकावायचं. यंत्राने तासाला शेकडो काडतुसं भरणाऱ्यांनीही.

उरले काळ्या दारूचे निष्ठावंत. त्यांची स्पर्धेत वेगळी वर्गवारी असते, आणि तिथे काडतुसातून पुरेसा धूर निघतो की नाही याचंही प्रमाण ठरलेलं आहे. चार गोळ्या झाडल्या की समोरचा पत्रा ढगाआड जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. यांच्यात पॉइंट 44-40 ला मान आहे. त्याचं पितळ तोंडाशी पातळ आणि किंचित बाटलीच्या गळ्यासारखं, ते फुगून नळीच्या घराला घट्ट बसतं आणि काजळी मागे येऊ देत नाही. सरळसोट पॉइंट 45 मधून काजळी मागे झिरपते आणि रायफलीच्या कलपुर्ज्यांत जाऊन बसते. दिवसाखेरीस साबणाचं गरम पाणी घेऊन सगळं धुवायचं, कारण ही काजळी हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत लोखंड गंजवते.

पण काळ्या दारूवाल्यांनाही कमी धक्का हवा असतो, म्हणून तेही कमी दारू भरतात, आणि मग तीच रिकामी जागा पुढे येते. काळ्या दारूत ती ठेवायचीच नसते. त्यांचा तोडगा असा, की दारूवर आणि गोळीखाली उरलेली जागा न्याहारीच्या क्रीम ऑफ व्हीटने भरून काढायची. म्हणजे आपला गव्हाचा रवा, न भाजलेला. बिनधुराच्या दारूवर ही युक्ती करायची नाही, तिथे दाब वाढतो. काळ्या दारूच्या वर्गातले काउबॉय मात्र शनिवारी रात्री स्वयंपाकघरातून रव्याचा डबा उचलून काडतुसांच्या टेबलावर नेतात, आणि रविवारी सकाळी घरात खीर करायला रवा सापडत नाही.