पाहुणे वक्ते आणि ऐकणारे आम्ही

न्यासाच्या हीरकमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत निवृत्तांच्या अभ्यासमंडळाविषयी चार शब्द लिहून द्यावेत, असा चिटणिसांचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. दर शनिवारी दुपारी साडेचार वाजता न्यासाच्या सभागृहात पंचवीस-तीस वृद्ध मंडळी जमतात, महिन्यातून एकदा कोणी पाहुणे वक्ते येतात, चहा होतो, दिवे लागण्यापूर्वी मंडळी घरी परततात. यात लिहिण्यासारखे ते काय? परंतु या पाहुण्यांच्या व्याख्यानांनीच आम्हांस आमची एक मोठी चूक दाखवून दिली. ती लपविण्यापेक्षा सांगितलेली बरी, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याख्यान ऐकण्याची हौस मराठी माणसास नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. आमच्या बडोद्याचे तर विचारूच नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले आणि १९१० पासून बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाच्या हातून ग्रंथालयांचे जाळे विणले. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा प्रौढांसाठी त्याच खात्यातर्फे जादूच्या कंदिलाची चित्रे दाखविली जात. अशा शहरात व्याख्यानास श्रोते मिळण्याची अडचण कधी पडली नाही. अडचण निराळीच होती.

निवृत्तांनी एकत्र येऊन शिकण्याच्या दोन तऱ्हा जगात रूढ आहेत, आणि त्यांतील फरक आम्हांस फार उशिरा कळला. फ्रान्समधील तुलूझ येथे प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी १९७३ साली ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ काढले. तेथे विद्यापीठाचे अध्यापक शिकवीत आणि निवृत्त मंडळी ऐकत. हीच कल्पना इंग्लंडात गेली तेव्हा तिचे रूप पालटले. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी १९८१-८२ च्या सुमारास असे ठरविले की, परीक्षा नको, पदवी नको आणि पगारी शिक्षकही नको. सभासदांनीच सभासदांस शिकवावे. आज त्या देशात अशी हजाराहून अधिक मंडळे आहेत. त्यांच्याही सभांना बाहेरचे वक्ते येतात. पण ते खरोखरीचे पाहुणे. घर चालते ते सभासदांच्या लहान लहान गटांवर. लॅस्लेट यांनी आयुष्याचे चार भाग मानले : बालपणाचा, मिळकतीचा, मिळकतीतून मोकळे झाल्यावरचा आणि शेवटी परावलंबनाचा. यांतला तिसरा म्हणजे आपला वानप्रस्थच, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे पडते. आम्हांस ते पटत नाही. वानप्रस्थी माणूस गावापासून दूर निघतो. लॅस्लेट यांचा माणूस गावातच राहून नव्या उद्योगास लागतो.

आम्ही मात्र नकळत तुलूझची वाट धरली होती, तीही अर्धीच. वक्ता मोठा मिळविणे एवढेच आमचे काम, अशी समजूत होती. स्वागत, हार, शाल-श्रीफळ, परिचय, अध्यक्षांचे दोन शब्द, मग व्याख्यान, मग पुन्हा अध्यक्षांचे दोन शब्द. कीर्तनात पूर्वरंग लांबला तर आख्यानाला वेळ उरत नाही, तशातली गत. वक्ते निघून गेल्यावर “काय छान बोलले!” असे सगळेच म्हणत. काय बोलले, हे मात्र कोणी विचारीत नसे.

तीन वर्षांपूर्वी आमचे एक जुने सभासद यायचे थांबले. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. पावसाळा आहे, गुडघे धरले असतील, अशी आम्ही मनाची समजूत घातली. अडीच-तीन महिने लोटल्यावर त्यांच्या सूनबाई बाजारात भेटल्या. “बाबांना मंडळात फार बरं वाटतं, एकही शनिवार चुकवत नाहीत,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही चपापलो. त्यांना काही न बोलता पुढच्या शनिवारी शोध घेतला. आमचे हे सभासद साडेचार वाजता घरून निघत, कमाटीबागेत एका बाकावर दीड तास बसत आणि सहाच्या सुमारास घरी परतत.

आम्ही शेजारी जाऊन बसलो. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, “अहो, वर्षभर मला काहीच कळत नव्हतं. लोक हसले की मी हसायचो, टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवायचो. एकदा चुकून भलत्या वेळी हसलो. मग म्हटलं, पुरे.”

वक्त्यांचा आवाज तर चांगला खणखणीत असे, मग हे असे का, हे आम्ही कानाच्या डॉक्टरांस विचारले. (त्याच पुढच्या महिन्याच्या पाहुण्या झाल्या.) त्यांनी समजावून दिले ते असे. वय वाढते तशा आतल्या कानातील नाजूक केसपेशी झिजतात, आणि बहुधा उंच पट्टीचे आवाज प्रथम जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस, म्हणून ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त अशी व्यंजने उंच पट्टीची आणि क्षीण, ती गळतात. ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ पोहोचते. माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. ओरडल्याने उपयोग होत नाही, कारण ओरडताना मोठे होतात ते मुख्यत्वे स्वर. साठीपुढील माणसांत चारांतील एकाहून अधिकांस त्रासदायक बहिरेपणा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आमच्या तिसांच्या सभेत सात-आठ जण तरी उगीचच टाळ्या वाजवीत होते!

उपाय निघाले ते बहुतेक फुकटचे. उघड्या फरशीवरून आवाज घुमत असे, म्हणून न्यासाच्या लग्नकार्यातल्या सतरंज्या अंथरल्या आणि खिडक्यांस जाड पडदे लावले. ध्वनिक्षेपक वक्त्याच्या तोंडापासून चार बोटांवर आणला. पूर्वी तो हातभर लांब असे. वक्त्याची खुर्ची खिडकीपुढून हलविली, कारण पाठीमागून उजेड आला की ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकणारा माणूस अर्धे बोलणे ओठांवरून वाचीत असतो. श्रोत्याने विचारलेला प्रश्न अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावर पुन्हा सांगावा असा नियम केला. पंख्यांची घरघर व्याख्यानाच्या वेळी बंद ठेवतो. बडोद्याच्या मे महिन्यात ते अशक्य, म्हणून उन्हाळ्यात सभा सकाळी आठला भरते. परिचय तीन वाक्यांचा आणि व्याख्यान चाळीस मिनिटांचे. नारळ अजून देतो. तो बंद करावा असे सुचविताच दोन सभासद रुसले.

बागेतले गृहस्थ परत आले. पण त्यांच्याशी झालेल्या त्या बोलण्यातून दुसरेही एक निघाले. ज्या माणसास आम्ही वर्षभर नुसते बसवून ठेवले, त्याच्यापाशी सांगण्यासारखे किती होते! खूप आग्रहानंतर त्यांनी एका शनिवारी रेल्वेवर भाषण केले. बडोद्याजवळ डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली अरुंद रुळांवरून गाड्या धावू लागल्या त्या बैलांनी ओढलेल्या, येथून त्यांनी आरंभ केला. मग एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर का येत नसत, हे सांगितले. दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. एका यंत्रातून टोकन काढले की ते कोणत्या तरी यंत्रात परत पडेपर्यंत दोहोंतून दुसरे टोकन निघत नसे. आणि टोकन हाती आल्याखेरीज ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. दोन सभासद भगिनींना त्यांनी स्टेशनमास्तर केले, स्टीलचे दोन डबे ही यंत्रे आणि बुंदीचा लाडू हे टोकन. त्या दिवशी एकही माणूस पेंगला नाही. लाडू शेवटी कोणी खाल्ला ते आम्ही लिहीत नाही.

तेव्हापासून चार शनिवारांपैकी दोन सभासदांचे, एक पाहुण्यांचा आणि एक उजळणीचा. उजळणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. रोडिगर व कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिले होते. प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवरचा होता. पण आम्हांस त्याचा प्रत्यय लगेच आला. एका वकिलांनी मृत्युपत्रावर उत्तम व्याख्यान दिले. पुढच्या आठवड्यात वही मिटून प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या होत्या. निम्म्यांनी छातीठोकपणे सांगितले की नोंदणी केल्यावाचून मृत्युपत्र ग्राह्यच नाही. वकीलसाहेब नेमके उलट बोलले होते : नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. आम्ही त्यांस फोन केला. ते हसले आणि पुढच्या शनिवारी विनाहार, विनानारळ पुन्हा येऊन अर्धा तास बसले. दोन सभासदांची मृत्युपत्रे साक्षीदारांवाचून कपाटात पडली होती, ती त्यानंतर नीट झाली.

गुजराती वक्त्यांविषयी अधूनमधून कुरकूर होते, की मराठी न्यासात गुजराती भाषण कशाला. इतक्या पिढ्या येथे भाजी गुजरातीत घेतली, तर व्याख्यान का ऐकू नये, हे आम्हांस उमगत नाही.

येत्या महिन्यात वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एक भगिनी घरचे वीजबिल कसे वाचावे हे सांगणार आहेत; प्रत्येकाने आपले बिल बरोबर आणावे. ज्यांस कमी ऐकू येते त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतील डावीकडच्या सहा खुर्च्या राखून ठेवल्या आहेत.